तात्यांचं मशीन

सुतारकामाच्या कारखान्यातलं टेबल सॉ, टेबलात बसवलेली विजेची करवत, शुक्रवारी दुपारी एक किंकाळी मारून बंद पडलं. मोटर जळाली, पात्याचा दांडा वाकला, बेअरिंगचा चुरा झाला. मिस्त्रीनं ते उघडून पाहिलं, झाकण पुन्हा लावलं आणि हात पुसत म्हणाला, "बरंच सोसलं हो यानं." मयताला आलेल्या माणसासारखा थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

ग्रंथालयासाठी करायला घेतलेली कपाटं अर्धी उभी होती, अर्धी फळ्यांच्या रूपात भिंतीला टेकून होती. करवतीवाचून कारखाना म्हणजे चुलीवाचून स्वयंपाकघर. तेव्हा नवीन मशीन घ्यायचं यात वाद नव्हता. वाद सुरू झाला तो रविवारी सकाळी, पाव आणि अंडी खाता खाता.

"मी दुकानात जाऊन पाहून आलेय," अण्णांची धाकटी लेक म्हणाली. अण्णांचं म्हातारपण सुरू झाल्यापासून कारखान्याचं काम तीच ओढत होती. "मशीन चांगलं आहे. पात्यामागे पोलादी पाचर आहे, फळी आवळून मागे उडत नाही. आणि कातडीचा स्पर्श झाला की पातं जागच्या जागी थांबतं. त्यांनी माझ्यासमोर बोटाऐवजी सॉसेज लावून दाखवलं. सॉसेजला नुसता ओरखडा."

"म्हणजे आता सॉसेज कापायला करवत लागते," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तेच घेऊ या," सून म्हणाली. ती इस्पितळात परिचारिका होती आणि तिच्या वॉर्डात हाताला इजा झालेले रुग्ण येत. कुणाही सुताराची ओळख करून दिली की ती नमस्काराच्या आधी त्याची बोटं मोजून घ्यायची. लग्नाची बोलणी करताना तिनं अण्णांचीही मोजली होती. दहाच्या दहा निघाली म्हणून स्थळ पसंत पडलं, असं तिचा नवरा, घरातला थोरला, गमतीनं सांगायचा आणि ती ते कधी नाकारायची नाही.

अण्णांनी पाव खाली ठेवला. "तात्याचं मशीन विकायला निघालंय."

थोरला मीठ शोधू लागला, मीठ त्याच्या हातातच होतं. त्या जिन्याच्या भांडणानंतर या घरात तात्यांचं नाव निघालं की प्रत्येकाला काही ना काही शोधायचं असायचं. हॉटेलसाठी दोघा भावांनी मिळून गोल जिना बांधला होता. एक पायरी बोटभर उंच झाली, रोज कुणीतरी तिथं अडखळू लागलं, आणि माप कुणी चुकवलं यावरून एका कारखान्याचे दोन झाले. अण्णांकडे जागा राहिली. तात्यांनी वडिलांनी घेतलेलं मशीन उचललं आणि गावाबाहेर पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. भाऊ भावाशी बोलेनासा झाला.

"लाकूडवाल्यानं सांगितलं," अण्णा म्हणाले. "तो कारखाना बंद करतोय. बाबांचं मशीन कुणी परका उचलून नेईल. सगळं बिडाचं आहे ते. चालू मशीनवर नाणं उभं करा, पडणार नाही. अशी मशीनं आता कुणी करत नाही. आणि बिघडलंच, तर कुठलाही लेथवाला दुरुस्त करतो. तुमच्या त्या नव्याला काय झालं तर पडद्यावर आकडे येणार आणि दुकानातला पोरगा म्हणणार, वाट बघा."

"हे मात्र खरं हं," थोरला म्हणाला. तो बाहेरची जोडणी आणि टेम्पो सांभाळायचा, आणि शेवटी बोललेल्या माणसाचं मत त्याला नेहमी पटायचं.

"त्याच्या पात्यावर झाकण आहे का?" सुनेनं विचारलं.

"झाकण भांड्याला असतं."

"हे मात्र चूक आहे, अण्णा," थोरला बायकोकडे बघत म्हणाला.

धाकटीनं हात जोडले. "अण्णा, उगाच विषय काढू नका. तुम्हाला मशीन हवंय की तात्यांचं नाक ठेचायचंय?"

अण्णांच्या कपाळावरची शीर फुगली. पण उत्तर त्यांच्या बायकोनं, माईंनी, दिलं. त्या आतापर्यंत अंडी सोलत होत्या.

"बघायला काय जातंय? सगळेच जाऊ. टेम्पो काढ रे."

कुणाच्या लक्षात आलं नाही, पण माईंनी डब्यात भरली ती अंडी घरच्या माणसांपेक्षा बरीच जास्त होती. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा हा दीर अर्ध्या चड्डीत होता. शाळेत न जाता लाकडाच्या ढिगामागे लपायचा आणि भूक लागली की वहिनीकडे यायचा. जिन्याची पायरी कुणी चुकवली याच्याशी माईंना काडीचं घेणंदेणं नव्हतं. त्यांना त्याच्या जेवणाची काळजी होती, आणि लग्न न केलेला माणूस बाहेरचं खाऊन वाळून जातो यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

तात्यांची शेड टायरवाल्याच्या दुकानामागे होती. टेम्पो वळला तेव्हा तात्या दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. म्हणजे लाकूडवाल्यानं मशीन जळाल्याची इकडची बातमी तिकडे आणि तिकडची इकडे, दोन्ही फेऱ्या इमानानं केल्या होत्या.

तात्यांनी माईंना वाकून नमस्कार केला. धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. सुनेकडे पाहून हसले आणि न विचारताच दोन्ही पंजे उघडून दाखवले. "मोज. ख्याती ऐकून आहे."

"दहा," ती म्हणाली, आणि तिलाही हसू आलं.

अण्णा टेम्पोच्या चाकाची हवा बघत होते.

"तुझ्या वडिलांना सांग," तात्या थोरल्याला म्हणाले, "मशीन आत आहे."

"अण्णा, मशीन आत आहे."

"तुझ्या काकाला सांग, मशीन आतच असतं. रस्त्यावर कोण ठेवतं?"

"तात्या, अण्णा म्हणतायत की..."

"ऐकू आलं मला. त्यांना सांग, चपला काढायची गरज नाही, भुसा आहे."

"अण्णा, भुसा आहे."

"भुसा नसला तर ती सुताराची शेड कसली, असं सांग."

थोरला दोघांच्या मध्ये उभा राहून मान या खांद्यावरून त्या खांद्यावर वळवत होता. शेवटी तो बायकोला हळूच म्हणाला, "मी आयुष्यभर मध्येच उभा आहे ना ग?"

"उंच आहेस, शोभून दिसतं," ती म्हणाली.

मशीन शेडच्या मधोमध उभं होतं. हिरवा रंग जागोजागी उडालेला, पण टेबलाचं बीड आरशासारखं चकचकीत. तात्यांनी कालच मेण लावून घासलेलं दिसत होतं. विकायच्या गाईला आंघोळ घालतात तसं. अण्णा जवळ गेले. पुढच्या कडेवर एक खोलगट जागा होती, तिथं त्यांचा अंगठा आपसूक जाऊन बसला. वडील तिथंच हात टेकून उभे राहायचे, मग अण्णा राहायचे, मग तात्या. बिडालाही माणसांच्या हातांनी खळगा पडतो, याचं अण्णांना एकदम नवल वाटलं. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला.

"चालवून बघ," तात्या धाकटीला म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. धाकटीला जळक्या मशीनच्या किंचाळण्याची सवय होती. हे मशीन किंचाळलं नाही. खालून कुठूनतरी घुमल्यासारखा आवाज आला आणि एकसारखा चालू राहिला. तिनं एक लांब, जाड, कठीण लाकडाची फळी उचलली, फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या सरळ आडपट्टीला, टेकवली आणि पुढे सरकवली.

सरकवायला जोर लागलाच नाही. लाकूड जणू स्वतःहून दोन्ही बाजूंना होत गेलं. हाताला हादरे बसत नव्हते, टेबल थरथरत नव्हतं, कानाशी फक्त तो घुमणारा आवाज आणि नाकात ताज्या लाकडाचा वास. इतकी वर्षं आपण जे करत होतो ते काम होतं, आणि हे काहीतरी वेगळंच आहे, असं तिला वाटलं. दुकानातल्या त्या पांढऱ्या, पडदा लावलेल्या मशीनची तिला आठवणही राहिली नाही.

फळी लांब होती. पुढचं टोक टेबलाबाहेर जाऊन झुकू लागलं, तसे पलीकडून दोन म्हातारे एकदमच धावले.

"उचल," अण्णा म्हणाले.

"उचललंय. तुझी बाजू वर घे."

"घेतली. ओढू नकोस."

"मी कुठं ओढतोय? तू ढकलतोयस."

फळी पार झाली. दोघं दोन तुकडे हातात धरून उभे राहिले, आणि मग दोघांच्याही ध्यानात आलं की मध्ये थोरला नव्हता. अण्णांनी खाकरून घेतलं. तात्यांनी आपला तुकडा निष्कारण डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहिलं.

"एक बारीक पट्टी काढून बघते," धाकटी म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते.

अण्णा आता मशीनच्या बाजूला उभे होते. त्यांना उघडं पातं दिसत होतं, आणि त्याच्या अलीकडे त्यांच्या मुलीचा हात. त्या हातात लाकूड ढकलायची दांडी होती, त्यांनी तिला शिकवलं होतं तशी धरलेली. सगळं बरोबर होतं. तरी पट्टी पात्यात आवळली गेली. ठाप असा आवाज झाला, आणि पट्टी धाकटीच्या कमरेजवळून भाल्यासारखी मागे गेली.

ती बाजूला उभी होती, म्हणून काही झालं नाही. तेही अण्णांनीच शिकवलं होतं. धाकटीनं मशीन बंद केलं, मागे वळून पाहिलं आणि हसली. "बाप रे! जोर आहे याच्यात."

"असं करतं ते मधूनमधून," तात्या म्हणाले. "म्हणून तर गादी लावलीय."

तेव्हा कुठे सगळ्यांनी ती गादी पाहिली. मागच्या पत्र्याच्या भिंतीवर एक जुनी, पट्ट्यापट्ट्यांची गादी दोरीनं टांगलेली होती. पट्टी तिच्यात रुतून अजून थरथरत होती. गादीला ठिकठिकाणी भोकं होती, कापूस बाहेर आला होता. सून उठून गादीपाशी गेली. एका भोकात तिनं बोट घातलं, ते पार मागच्या पत्र्याला लागलं. मग तिनं पत्र्यावर टकटक केलं आणि काही न बोलता परत येऊन बसली. आयुष्यात एवढं प्रभावी भाषण तिनं कधी केलं नव्हतं.

"हेच घ्यायचं," धाकटी म्हणाली.

"नवीन घ्यायचं," अण्णा म्हणाले.

दोघं एकाच वेळी बोलले. क्षणभर कुणाला काही कळेना. सगळ्यांत जास्त गोंधळ थोरल्याचा झाला. येताना टेम्पोत विचार करकरून तो नुकताच अण्णांच्या बाजूला गेला होता, आणि पोचतो तर तिथं अण्णाच नव्हते.

"अहो, सकाळी तर तुम्हीच..." धाकटी म्हणाली.

"सकाळचं सकाळी."

"तुम्ही सगळं आयुष्य याच मशीनवर काढलंत. बोट गेलं का एक तरी?"

"नाही गेलं."

"मग? मी तुमच्यापेक्षा कच्ची आहे?"

"कच्ची नाहीस. माझ्यापेक्षा सरळ कापतेस." हे वाक्य अण्णांनी आजवर कधी उच्चारलं नव्हतं, आणि आताही ते घाईत निसटलं. "पण आयुष्यभर मी याच्यासमोर उभा होतो. समोर असलं की माणूस लाकडाकडे बघतो, भीती वाटत नाही. आज पहिल्यांदा बाजूला उभं राहून दुसऱ्या कुणाचा हात पाहिला. माझ्याच्यानं नाही बघवत. मी रोज कारखान्यात येतो, तेव्हा काय डोळे मिटून बसू?"

"तुमच्या वडिलांनी पाहिलंच ना तुमच्याकडे?"

"बाबा?" अण्णा आणि तात्या एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे पाहू लागले.

"बाबा बाहेर जायचे," तात्या सावकाश म्हणाले. "आपण मशीनवर असलो की ते ओट्यावर जाऊन विडी ओढायचे. आपल्याला वाटायचं, विश्वास टाकलाय."

"हो," अण्णा म्हणाले. "मलाही तेच वाटायचं."

दोघं हसले नाहीत, पण हसण्याच्या अगदी जवळ गेले होते. ते तिथंच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण तात्यांना एकदम आठवलं की आपल्या मशीनला नकार मिळतोय.

"म्हणजे बाबांचं मशीन तुला नको?"

"मला हवंय रे. तिच्यासाठी नको."

"मी फुकट देतो."

"फुकट तर मुळीच नको!"

"बघ. तुझा हा ताठाच जिन्याच्या वेळी नडला!"

"माझा ताठा? ती पायरी मोजली कुणी?"

"मोजली मी. कापली कुणी?"

"सांगितलं तेवढी कापली!"

"मी सांगताना तू पाणी पीत होतास! घशात पाणी असलं की माणसाला ऐकू येत नाही!"

पत्र्याची शेड दणाणून गेली. टायरवाला बाहेर येऊन डोकावला. धाकटी मध्ये पडायला निघाली, तशी माईंनी तिचा हात धरून तिला स्टुलावर बसवलं आणि डबा उघडला.

"भांडू दे. इतकी वर्षं हे दोघं गप्प होते, तेव्हा माझा जीव वरखाली होत होता. आता ठीक आहे." त्यांनी पावावर अंडं ठेवलं, मीठ भुरभुरलं आणि भांडणाच्या ऐन मध्यात तात्यांच्या हातात दिलं. तात्यांचं तोंड उघडंच होतं, ते त्यांनी खायला वापरलं.

"भाऊजी," माई म्हणाल्या, "कारखाना का बंद करताय? हात चालतायत, नजर चांगली आहे."

तात्यांनी घास गिळला. "पलीकडच्या टोकाला माणूस नाही, वहिनी. लांब फळी घेतली की टायरवाल्याला हाक मारावी लागते. तो येतो बिचारा. पण दिवसातून कितीदा बोलवायचं माणसाला? आणि काम चांगलं झालं तर चांगलं झालं म्हणायलाही कुणी नसतं. वाईट झालं तरी नसतं."

अण्णा जमिनीवरचा भुसा चपलेनं सारखा करत राहिले. मग धाकटीला म्हणाले, "तू ठरव. मशीनवर तू उभी राहणार आहेस. मी एक शब्द बोलणार नाही."

हे ऐकून माईंच्या हातातलं अंडं थांबलं. जे बोललं गेलं ते मशीनपुरतं नव्हतं, साऱ्या कारखान्याबद्दल होतं, हे फक्त त्यांच्या आणि धाकटीच्या लक्षात आलं.

धाकटीनं टेबलावरून तळवा फिरवला. बीड गार होतं, गुळगुळीत होतं. तिला ते मशीन हवं होतं, अगदी लहान मुलाला खेळणं हवं असतं तसं हवं होतं. पण हे आपल्या कारखान्यात आलं तर त्याच्यासमोर आपण एकट्याच असू, हे तिला दिसत होतं. दादा त्याच्याजवळ फिरकणार नाही. वहिनी कारखान्यात पाऊल टाकायची नाही. अण्णा बाहेर जाऊन बसतील. पत्र्याच्या शेडमध्ये एकटं असणं कसं असतं, ते तर समोरच अंडं खात होतं.

"तात्या," ती म्हणाली, "नवीन मशीन आणलं तर तुम्ही त्याच्यावर काम कराल?"

"त्या पडदा लावलेल्या डब्यावर? मी?" तात्यांनी तोंड पुसलं. "कुठं ठेवणार आहात ते?"

"खिडकीखाली."

"खिडकीखाली? दुपारचं ऊन सरळ डोळ्यांत येईल. दाराकडे तोंड करून ठेवायला हवं, म्हणजे लांब फळी बाहेर निघते. एवढंही कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"कोण सांगणार?" धाकटी म्हणाली. "तुम्ही या, आणि दाखवा."

तात्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पत्र्याकडे बघत होते.

"तो बोलावतोय का?" तात्यांनी थोरल्याला विचारलं.

थोरला तोंड उघडणार, एवढ्यात अण्णा स्वतःच म्हणाले, "त्याला काय विचारतोस? मी इथं उभा आहे ना? चल म्हणतोय."

मग सगळं भराभर झालं. एक दरवाजे बनवणारा बरेच दिवस मशीन मागत होता. त्याच्याकडे तसंच एक होतं आणि तो त्याला सरावलेला होता. तात्यांनी त्याला फोन लावला, पण सौदा पुढे सरकायच्या आत अण्णांनी फोन हिसकावून घेतला. ते मशीन कुणाचं आहे, त्याला मेण कुठलं लावायचं, पट्टा किती ताणायचा, पाऊसपाण्यात कसं झाकायचं, हे त्यांनी त्याला इतकं सांगितलं की मुलगी सासरी धाडताना लोक एवढं सांगत नाहीत. "आणि ती गादीही घेऊन जा," शेवटी ते ओरडले. "गादीशिवाय मशीन मिळणार नाही!"

सुनेनं मान डोलावली. तिला सासऱ्यांचा इतका अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता.

परतताना तात्या पुढे बसले, माई आणि थोरल्याच्या मध्ये, मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन. बाकीचे मागच्या मोकळ्या हौद्यात बसले. टेम्पोला दणके बसत होते आणि पुढून तात्यांचा आवाज येत होता: गिअर उशिरा टाकतोस, ब्रेक कच्चे आहेत, डावीकडून का नाही घेतलंस.

कारखान्यासमोर किल्लीवाल्याचं दुकान होतं. तो उठून पुढे आला आणि रिकाम्या हौद्यात वाकून पाहू लागला.

"मशीन आणायला गेला होतात ना? टेम्पो तर रिकामाच दिसतोय."

"रिकामा कुठाय?" माई खाली उतरत म्हणाल्या. "दीर आणलाय."

तात्या पेटी सांभाळत उतरले. कारखान्याच्या दारात थांबले. चौकटीला एकदा हात लावला, आत डोकं घातलं, चारी भिंतींवरून नजर फिरवली, आणि त्यांचा आवाज पुन्हा तोच, खणखणीत झाला.

"हा रंधा पातं खाली करून कुणी ठेवलाय? धार जाईल ना!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. रंधा अण्णांचा होता. अण्णा आत गेले आणि त्यांनी तो कुशीवर आडवा करून ठेवला.